टिक न लागलेली ओळ

बाभुळगाव,
२ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय मित्र व निदेशक (वायरमन) संघर्षभाऊ यांस,

बाभुळगावहून रहेमानचा जयभीम आणि सलाम, दोन्ही घ्यावेत. साधनावहिनींना नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या भेटीत तू आमच्या दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना तीनदा थांबलास, मी मोजलं. आमच्याकडं सगळे खुशाल आहेत, म्हणजे थकलेले आहेत पण हिंडते-फिरते आहेत. फोन न करता पत्र लिहितो याचं कारण असं की फोनवर तू तिसऱ्या वाक्याला "हो हो" म्हणतोस आणि वर्गात निघून जातोस, आणि माझं सांगणं चौथ्या वाक्यापासून सुरू होतं.

तू पाठवलेल्या फॉर्मात "बोलावलेल्या कारागिराने स्वतःच्या हाताने केलेली कामे" असा एक रकाना आहे. दीड इंच जागा दिली आहे. दीड इंचात माझं मावत नाही म्हणून इथं लिहितो, तू टाचणीनं जोड. जळकी तार काढून नव्या तारेनं भरून दिलेल्या मोटारी चार हजार तीनशे सोळा (दोन गिऱ्हाइकांनी नेल्याच नाहीत, त्या धरून). सायकलच्या चाकाच्या तुंब्यापासून केलेलं कॉइल गुंडाळायचं मशीन एक, त्याला फेरे मोजायला जुन्या टेपरेकॉर्डरचा काउंटर. पत्र्याचे कूलर एकवीस. लग्नातली चटणी वाटणारा एक एचपीचा मिक्सर एक (तो पहिल्या लग्नात भिंतीपर्यंत चालत गेला; बोल्ट नंतर लावले). मोटारीच्या आकृत्यांच्या वह्या अकरा, आकृत्या सहाशे बारा. आणि शेवटचं, ज्यापायी चार महिने आयुष्यातून गेले: काँप्युटरचा प्रोग्राम एक, रस्ट नावाच्या भाषेतला, ओळी एक हजार एकशे सत्तेचाळीस. "कोणाकडून शिकले" हा रकाना कोरा ठेवला आहे. कोणाकडूनच नाही.

आता हा प्रोग्राम कायले, ते ऐक. दहावीनंतर तू आयटीआयात गेलास आणि मी वडिलांच्या सायकलच्या दुकानात बसलो, तेव्हापासून मला एकदा तरी तुमच्या वर्गात फळ्यासमोर उभं राहायचं आहे, हे तुला माहीत आहे. (बाकी कोणाला माहीत नाही. फॉर्मात लिहू नकोस.) सर्टिफिकेट नसलेल्या माणसाला दरवाजा एकच, एका दिवसासाठी बोलावलेला कारागीर, आणि तो दिवस या महिन्याची अठरा तारीख. तुझी अट अशी की शेवटच्या बाकावरच्या पोरालाही आकृती दिसली पाहिजे. माझ्या वहीचं पान ज्याचं नाक पानाला लागतं त्यालाच दिसतं. तारिकला तू ओळखतोस, यवतमाळचा, आम्हाला तांब्याची तार पुरवतो. तो म्हणाला, मोबाइलमधून फोटो काढा अन् भिंतीवर टाका, काम खतम. मी त्याला समजावलं की भरलेली मोटार पाहून मोटार भरता येत नाही. छत्तीस खाचा असतात, पहिली कॉइल कुठून निघाली, कुठं गेली, मग दुसरी, हे एकामागून एक डोळ्यांसमोर घडलं पाहिजे. चित्र तयार नको, होताना पाहिजे. तारिक म्हणाला, मग व्हिडिओ काढा. काही माणसांना तार विकणंच बरं.

रस्टच काहून निवडली असंही तू विचारशील. रस्ट म्हणजे गंज. जन्मभर गंज खरवडला, म्हातारपणी शिकायला घेतला. खरं कारण असं की या भाषेचा स्वभाव माझ्यासारखा आहे. मी कोणतीही मोटार आधी सिरीज बल्बवर लावून पाहतो. तार कुठं उघडी असेल तर बल्ब सांगतो, मग सरळ करंट. ही भाषाही चूक असेपर्यंत प्रोग्राम चालवूच देत नाही. ओळ नंबर सांगते, चूक सांगते, कधी कधी उपायही सांगते. तुमच्या संस्थेतल्या कोणत्याच सरांनी मला आजवर इतक्या अदबीनं चूक सांगितलेली नाही. फक्त हे सगळं इंग्रजीत सांगते आणि दहावीला इंग्रजीत मला किती होते ते तुला आठवतं, कारण तू माझ्या मागच्याच नंबरवर होतास आणि तुला त्याहून दोन कमी होते.

(यापुढचं तांत्रिक आहे. तुला समजेल असं लिहितो. तू शिकलेला माणूस आहेस, पण तरी.) कागदावर रेघ मारायला कागद आणि पेन्सिल लागते. पडद्यावर रेघ मारायला पाच जणांची परवानगी लागते. आधी एक "इन्स्टन्स" उभा करायचा, तो चौकशीचा टेबल. मग पडद्यावर आपली एक चौकट उघडायची आणि तिच्यावर "सरफेस" ताणायचा, ती आपली पाटी. मग चौकशीला विचारायचं, या पाटीवर लिहू शकेल असा कोणी चित्र काढणारा यंत्रात आहे काय? असेल तर तो "अडॅप्टर" दाखवतो. दिसला म्हणजे मिळाला असं नाही. त्याच्याकडून आपल्या नावानं जोडणी मागायची, तिला "डिव्हाइस" म्हणतात. जोडणीसोबत एक रांग मिळते, सगळे हुकूम त्या रांगेत टाकायचे. एवढं झाल्यावर पुन्हा पाटीकडं यायचं आणि तिला सांगायचं की बाई, तू इतकी रुंद, इतकी उंच, आणि तुझे रंग अमुक पद्धतीचे. या सगळ्यात अजून एकही रेघ मारलेली नसते. दोन आठवडे झालेले असतात.

त्यात गंमत अशी की अडॅप्टर मागितला की अडॅप्टर येत नाही, वायदा येतो. थोडं थांबा, देतो, असा. माझ्या दुकानात समोरच पाटी आहे, "वायद्यावर मोटार मिळणार नाही", आणि त्या पाटीखाली बसून मी तो वायदा तसाच पुढं डिव्हाइस मागायला वापरला. रस्टनं हात जोडले. वाट पाहायची असते, आणि वाट पाहून राह्यलो हेही लेखी द्यावं लागतं. लेखी दिलं, वाट पाहिली, तर उत्तर आलं की या यंत्रात अडॅप्टर कोणीच नाही. माझा काँप्युटर जुना, त्यात चित्राचं वेगळं कार्ड नाही. पण एक राखीव अडॅप्टर असतो, कार्ड नसेल तर प्रोसेसरच घाम गाळून चित्र काढतो, तो मागून घेतला. तो फार हळू आहे. एका कॉइलला पाऊण सेकंद घेतो. तारिक हसला, पण मला विचारशील तर शिकवायला हळूच पाहिजे.

मग चौकट आणि पाटी यांचं भांडण लागलं, ते नऊ दिवस चाललं. भाषेचं म्हणणं, पाटी चौकटीवर ताणली आहे. उद्या चौकट आधी मेली आणि पाटी मागं राहिली तर ती कशावर टेकणार? मी म्हणायचो, बाई, दोघी एकाच घरात आहेत, एकदमच बंद होतील. ती म्हणायची, लिहून दे. शेवटी चौकट एकाच्या मालकीची न ठेवता सामाईक करायची असते हे समजलं. जोपर्यंत एक तरी हिस्सेदार जिवंत आहे तोपर्यंत चौकट पडत नाही. एका शब्दाचं काम होतं. भावकीत हेच समजायला लोकांना दोन पिढ्या लागतात, मला नऊ दिवस लागले, म्हणून मी फार वाईट वाटून घेतलं नाही. त्यानंतर एकदा बायकोनं, जोहराबीनं, घड्याळ पाहायला म्हणून चौकट खाली दडपली, तर पाटीची रुंदी शून्य झाली आणि प्रोग्राम जागेवर कोसळला. शून्य रुंदीच्या पाटीवर लिहिता येत नाही, हे बरोबरच आहे. तेही निस्तरलं.

शेवटी डिसेंबरच्या वीस तारखेला पडदा पिवळा झाला. नुसता पिवळा. हा माझा सिरीज बल्ब: आधी काहीच काढायचं नाही, अख्खी पाटी एका रंगानं भरून पाहायची, रंग दिसला म्हणजे पाचही परवानग्या बरोबर लागल्या. त्या वेळी दुकानात रामीबाई बसल्या होत्या. (खडकी रस्त्याला शेत आहे त्यांचं, पाच एचपीची मोटार आणली होती आणि ती हातात घेतल्याशिवाय उठणार नव्हत्या.) मी त्यांना अभिमानानं दाखवलं. त्यांनी पडद्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि विचारलं, "रहेमानभाऊ, अडीच महिने एवढ्यासाठीच बसून राह्यले होते काय? पिवळा रंग तं हळदीचाबी असते."

मी मनाला लावून घेतलं नाही असं लिहिणार होतो, पण घेतलं. तुला माझ्या दुकानाचा कायदा माहीत आहे: अर्धा माल काउंटरवर ठेवायचा नाही. मोटारी मागच्या खोलीत भरायच्या, पडद्याआड, आणि तिन्ही फेज लागून, वार्निश वाळून, बल्बवर पास होऊन मगच पुढं आणायच्या. रामीबाईंच्या बोलण्यानंतर मी हाच कायदा प्रोग्रामला लावला. लाल फेजच्या रेघा तयार होत होत्या, पण लाल रंग फिका, धुतलेल्या लुगड्यासारखा येत होता (पाटीची रंग मोजायची पद्धत वेगळी असते, आकडे बदलून द्यावे लागतात, त्याला चार दिवस). म्हटलं, हे कोणी पाहायला नको. प्रोग्राममध्ये शेवटी एक ओळ असते, काढलेलं चित्र पाटीवर पुढं करणारी, "फ्रेम डॉट प्रेझेंट". तिच्यापुढं मी दोन तिरप्या रेघा मारल्या. तशा रेघा मारल्या की ओळ असून नसल्यासारखी होते, भाषा तिला वाचत नाही. पुरं झालं की उघडू, असं ठरवून मी पुढच्या कामाला लागलो. लाल झाली, पिवळी झाली, निळी झाली, सगळं न चालवता, कागदावरच्या आकड्यांवरून. दहा जानेवारीला तिन्ही फेज लावून प्रोग्राम चालवला. पडदा काळा.

त्यानंतर अकरा दिवस पडदा काळाच. भाषा एक चूक दाखवत नव्हती, आणि संघर्ष, चूक न दाखवता न चालणारी वस्तू काय असते हे तू वर्गात शिकवतोस, मी दुकानात भोगतो. पाचही परवानग्या पुन्हा घेतल्या. मॉनिटरची केबल बदलली. मेमरी काढून खोडरबरानं पुसली. स्टॅबिलायझर उघडला. काँप्युटरचा पंखा आवाज करत होता, तर तो काढून त्याची मोटार भरून टाकली. पंखा आता फार छान चालतो. एके दिवशी रामीबाई दुसरी मोटार घेऊन आल्या, काळ्या पडद्याकडं बराच वेळ पाहत बसल्या आणि मग दयेनं म्हणाल्या, "माही मोटार जळाली तं काळी झाली. हे बी जळालं काय, भाऊ?" त्या दिवशी मी तुला पत्र लिहिलं, की तब्येत ठीक नाही, अठरा तारखेला दुसरा कोणी पाहा. पाकीट चिकटवलं. पोस्टात टाकायला जोहराबीकडं दिलं. तिनं ते पाकीट मसाल्याच्या डब्यांमागं ठेवलं, हे मला नंतर कळलं.

एकवीस तारखेला दुपारी जेवण झाल्यावर ती बारावी वही घेऊन माझ्याजवळ बसली. मोटार भरताना आमची रीत अशी: एकानं खाच नंबर मोठ्यानं बोलायचा, दुसऱ्यानं वहीत टिक करायची. न बोललेली खाच राहिली तर वही सांगते. प्रोग्रामही तिनं डिसेंबरात, पडदा पिवळा झाला त्या दिवशी, या बाराव्या, नव्या वहीत उतरवून ठेवला होता. तिला इंग्रजी येत नाही. आकृती उतरवतात तसं एकेक अक्षर तिनं उतरवलं होतं, स्वल्पविराम न चुकता. म्हणाली, बोला. मी पडद्यावरून एकेक ओळ बोलत गेलो, ती अक्षरं जुळवत टिक करत गेली. नंतर वाढवलेल्या ओळींना ती "ही नवी" म्हणून सोडायची. दोन तास लागले. शेवटी तिनं पेन्सिल खाली ठेवली. (तिचं बोलणं आमच्या घरच्या बोलीतलं, तुझ्यासाठी मराठी करून लिहितो.)

"एक ओळ राह्यली. टिक नाही लागली."

मी वहीत पाहिलं आणि म्हटलं, "ती बोलायची नसते. ती बंद आहे. दोन रेघा मारून मीच बंद केली."

"काहून?"

"अर्धा माल दाखवायचा नाही म्हणून."

"मंग पुरा झाल्यावर उघडली कोणी?"

मी पडद्यावर त्या दोन रेघा शोधल्या. होत्या तशाच होत्या.

"म्हणजे अकरा दिवस चित्र रोज निघून राह्यलं," ती म्हणाली, "अन् तुमी दाखवलंच नाही कोणाले."

दोन रेघा पुसल्या. प्रोग्राम तयार व्हायला नेहमीसारखी सात मिनिटं लागली, तेवढ्यात तिनं ताटं उचलली. मग पडद्यावर गोल उमटला, छत्तीस खाचा उमटल्या, आणि एकेक कॉइल पाऊण पाऊण सेकंद घेत बसत गेली, लाल, पिवळी, निळी. मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो. जोहराबी शेवटपर्यंत उभ्यानं पाहत राहिली आणि म्हणाली, "निळी तेरातून निघते. ही चौदातून निघाली." चौदातूनच निघाली होती. काँप्युटर मोजणी शून्यापासून सुरू करतो, जोहराबी एकापासून. मी तेरा लिहिलं होतं, बारा पाहिजे होतं. तेही दुरुस्त केलं.

आता सगळं बिनचूक आहे. गेल्या आठवड्यात तारिक तारेची बंडलं टाकायला आला तेव्हा त्यालाही दाखवलं. त्यानं चहा थंड होऊ दिला, यावरून काय ते समज. आकृतीच्या वर एक ओळ नावाची ठेवली आहे, ती तू भिंतीवरच वाच. मी मात्र फार थकलो आहे. डोळे चुरचुरतात, खांदा धरला आहे, आणि झोपेतही मला ओळींच्या शेवटी अर्धविराम दिसतात. गुडघ्याला मोहरीचं तेल लाव, बाजारातलं मलम नको. वहिनींना पुन्हा नमस्कार.

तुझा
रहेमान

ता.क. १: तुमच्या प्रोजेक्टरची रुंदी आणि उंची ठिपक्यांत किती ते नक्की कळव. "मोठा आहे" असं कळवू नकोस.

ता.क. २: वरचं पत्र जोहराबीनं वाचलं. काहीच बोलली नाही, म्हणून यादी दुरुस्त करतो, कारण आकडा चुकीचा गेला तर मला झोप येत नाही. चार हजार तीनशे सोळापैकी माझ्या हातच्या मोटारी एक हजार नव्वद. दोन हजार दहा साली उजव्या मनगटावर साडेसात एचपीची बॉडी पडली हे तुला माहीत आहे. त्यानंतर ही बोटं खाचेत तार बसवू शकत नाहीत हे मी कोणाला सांगितलं नाही, तुलाही नाही. स्क्रू पिळता येतो, दोन बोटांनी टाइप करता येतं, काउंटरवर बसून बोलता येतं. बाकीच्या तीन हजार दोनशे सव्वीस मोटारी मागच्या खोलीत जोहराबीनं भरल्या. वह्या चौथीपासून पुढच्या तिच्या. कूलर माझे. मिक्सर माझा, भिंतीपर्यंत गेला तोही माझाच. प्रोग्राम माझा, एक ओळ सोडून.

ता.क. ३: फॉर्मावर अजून सही झाली नसेल तर माझं नाव काट आणि तिचं लिही. पोरांना तार बसवून दाखवायची आहे ना? मी बसवू शकत नाही, मला फक्त सांगता येतं, आणि सांगायला तू आहेस. मी मागं उभा राहून काँप्युटर चालवीन. तिला विचारलं तर म्हणाली, मी कायले, मले कोण ओळखते. पण काल सातवी आणि नववी वही ट्रंकेतून काढून तिनं खाकी कागदाची कव्हरं घातली आहेत. तुझं बोलावणं तिच्या नावानं, पोस्टानं, घरी आलं पाहिजे. फोनवर नको.

ता.क. ४: तारिकला प्रोग्राम जिल्ह्यातल्या सगळ्या मोटारवाल्यांना वाटायचा होता, फक्त वरच्या ओळीतलं "जोहराबी रहेमान, बाभुळगाव" काढून तिथं त्याच्या दुकानाचं नाव टाकून पाहिजे होतं. दुसरा चहा पाजून त्याला नाही म्हटलं. एक्कावन्न हजार देत होता.